पियूचं उष्टावण

“माझ्या हातानं मी विख घालनार हाय व्हय तिला?” आत्ती म्हणाली, आन् काकवीची वाटी तिनं चुलीपुढं ठेवली. आपटली न्हाई. आत्ती भांडताना भांडी आपटत न्हाई. तिचा आवाज खाली येतो, तवा समजायचं की पेटलीया.

“विख कुणी म्हणलं?” क्रांतीआक्का म्हणाली. “मी एवढंच म्हणती, गोड नगं.”

“गोडाशिवाय उष्टावन आसतं?”

“न्हाई आसत. ह्या पोरीचं असंल.”

पियू आक्काच्या खांद्यावर व्हती. सहा महिन्यांची, गालफडं फुगल्याली, आक्काच्या मंगळसूत्राचं मणी तोंडात घालून चघळत व्हती. तिच्या उष्टावणासाठीच आमी रहिमतपूरच्या अलीकडं आत्तीच्या गावाला आलतो. पोराला अन्नाचा पहिला घास मामानं भरवायचा असतो. तिचा मामा म्हंजे मी. सतरा वर्साचा, नववीतनं शाळा सोडल्याला, मिशी फुटायच्या आदी मामा झाल्याला.

आमच्या दोन घरांत साटंलोटं हाय. आप्पांची, म्हंजे माझ्या वडलांची, बहीण मनुबाई, म्हंजे ही आत्ती, लालासाहेबमामांना दिली, आन् मामांची बहीण, म्हंजे माझी आई, आप्पांनी केली. एकाच मांडवात दोन लग्नं. फुडं आत्तीच्या सर्जेरावाला माझी आक्का दिली. घरातली पोरगी घरात. त्यामुळं आत्ती आक्काची सासू बी हाय आन् आत्ती बी हाय, आन् आमच्यात कोण कुणाच्या बाजूनं बोलतंय हे भायेरच्याला दोन दिस बसून बी कळायचं न्हाई.

ह्या घराचं स्वतःचं गुऱ्हाळ हाय. घरात जन्मलेल्या पोराच्या जिभंला आदी काहिलीतली काकवी लावायची आन् मग खीर, असं चालत आलंय. मामांना लावली, सर्जेरावदाजींना लावली. आता पियूची पाळी. पर डॉक्टरांनी आक्काला बाळंतपणातच बजावलं व्हतं. पोरगी वर्साची होईस्तोवर साखर न्हाई, गूळ न्हाई, मध न्हाई, फळ न्हाई, घुटीत बी काय गोड न्हाई. मग पुण्याला आणा, दवाखान्यात ठेवून तपासू. तिला ते असंल, नसंल. आज सांगता येत न्हाई.

ते म्हंजे मला हाय ते.

मला पाच वर्साचा असताना मिरजेच्या दवाखान्यात कळलं. सारखी वांती, घाम, हातपाय थरथर, पोट पुढं आल्यालं, डोळं पिवळं. कुणी कावीळ म्हणलं, कुणी नजर. डॉक्टरांनी लघवी तपासली तर नळीतला निळा रंग इटकरीसारखा लाल झाला, म्हंजे साखर, आन् रगतात बघितलं तर साखर पायजे त्याच्यापेक्षा बी कमी. मग पुण्याला पाठवलं. तिथं पक्कं झालं की फळातली, मधातली, उसातली जी साखर असती ती फोडायचा रस माझ्या काळजात जन्मापासनंच न्हाई. काळीज म्हंजे मटणात असतं ते काळीज. आईकडनं अर्धा दोष आला, आप्पांकडनं अर्धा. त्यांना स्वतःला काय होत न्हाई. दोन्ही अर्धं ज्याच्या वाट्याला येत्यात त्यो अडकतो. मी अडकलो, आक्का सुटली.

औषध काय न्हाई ह्याला. न खाणं हेच औषध, आन् ते मरंस्तवर. ज्वारीची भाकरी, भात, दूध, ताक, अंडी, मटण, पालक, चाकवत ह्यावर मी वाढलोय. गाजर, बीट, रताळं, टोमॅटो बंद. कांदा घातल्याली भाजी बंद, माझी फोडणी येगळी. फळं न्हाईत म्हणून रोज जीवनसत्त्वाची एक गोळी, ती बी सरळ गिळायची, चघळायची गोळी गोड असती. खोकला आला तर पातळ औषध न्हाई. डॉक्टरांनी लिहून दिल्याली चिठ्ठी मी शर्टाच्या खिशात ठेवतो, कवा कुठं पडलो तर कुणी साखरपाणी पाजू नये म्हणून. सहा महिन्यांनी मिरजेला जायचं, रगत द्यायचं, पोट दाबून घ्यायचं. तब्बेत ठणठणीत हाय माझी. तासगावला बेदाण्याच्या शेडवर कामाला हाय. मालक मला लय मानतो, कारण बाकीची पोरं दिसभर मूठमूठ बेदाणं तोंडात टाकत्यात, मी बारा टन माल हलवला तरी एक दाणा कमी येत न्हाई.

शाळा सुटली ती बी ह्याच्यापायीच. सव्वीस जानेवारीला जिलेबी वाटत व्हते. मी हात मागं घेतला. मास्तरला वाटलं पोरगं माजलंय, झेंड्याच्या दिवशी नखरं करतंय. त्यानं जिलेबी माझ्या तोंडात कोंबली. अर्ध्या तासात मी वर्गात आडवा. चार दिसांनी बरा होऊन गेलो आन् मास्तरच्या टेबलावरची शाईची दौत खिडकीतनं भायेर फेकली. मास्तर म्हणाला माफी माग. मी दप्तर घेतलं आन् आलो घरी.

असो. सांगत व्हतो ते त्या सकाळचं.

आक्का काकवीला न्हाई म्हणाली तवा मला वाटलं आई तिच्या बाजूनं उभी ऱ्हाईल. बारा वर्सं ह्या बाईनं माझ्यापायी सगळ्या दुनियेशी दावा मांडलाय. लग्नात वाढप्यांशी भांडली, दुकानदारांशी भांडली, म्हसवडच्या सिद्धनाथाचा परसाद सुदीक माझ्या हातावर पडू दिला न्हाई. ती म्हणाली, “क्रांते, टोकाला लावली तर काय हुतंय गं? आजीचा मान हाय त्यो.”

मी आईकडं बघत ऱ्हायलो. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई, तांदूळ निवडत बसली. मागनं ती मला म्हणाली की लेकीच्या सासरी आईनं किती तोंड उघडायचं, लेकीला तिथं ऱ्हायाचं असतं. पर त्या टायमाला मला ते कळलं न्हाई. मला वाटलं, झालं, ही बी गेली तिकडं.

दाजी ट्रान्झिस्टरचं सेल काढून परत घालत व्हते. ते म्हणाले तुमी बायाबायांनी काय ते ठरवा, मला मधी घेऊ नका. आक्कानं त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी सेल उलटं घातलं. मामा उंबऱ्यात व्हते. लष्करातनं हवालदार होऊन आल्याला माणूस, बोलायचं तर हुकूम दिल्यासारखं बोलायचा. त्या दिवशी त्यांनी नुसती टोपी घातली आन् गुऱ्हाळाकडं चालायला लागले.

आत्तीनं काकवीत बोट बुडवलं आन् पियूकडं वळली. आक्का दोन पावलं मागं सरली, पाठ भिताडाला टेकली.

मग माझं डोकं फिरलं.

“आनंदा कशानं गेला मग?” मी म्हणलं.

आनंदा आत्तीचं पहिलं पोरगं. सर्जेरावदाजींच्या आदीचं. अकरा महिन्यांचं होऊन गेलं. मला एवढंच म्हाईत व्हतं, आन् ते बी आईच्या तोंडनं एकदा निसटल्यालं. ह्या घरात त्याचं नाव कुणी काढत न्हाई. भिताडावर मामांचा पलटणीतला फोटो हाय, दाजींचा शाळंतला हाय, आनंदाचं काय न्हाई.

आत्तीनं बोट पदराला पुसलं. वाटीतली काकवी परत बरणीत वतली, वाटी धुतली, पालथी घातली, आन् परसदारानं गोठ्याकडं निघून गेली.

मला वाटलं आक्का मला शाबास म्हणंल. तिनं पियूला आईच्या मांडीवर दिलं आन् माझं मनगट धरून मला भायेर आणलं. “माझ्या बाजूनं बोलायचं तर बोल,” ती म्हणाली. “पर माझ्या सासूला मारून माझ्या बाजूनं बोलू नगंस. तू आज सांजच्याला जाशील. मला हिच्यासंगं चुलीपुढं बसायचं असतं रोज.”

“ती तुझ्या पोरीला...”

“ती माझ्या पोरीला माझ्यापेक्षा जास्त जपती. तेल लावती, शेक देती, रडली तर पाठीला बांधून निम्म्या गावाला हिंडवती. मला कळंना तिला आजच काय झालंय.” आक्काच्या डोळ्यांत पाणी व्हतं. “जा, मामांकडं जा जरा. हिथं थांबू नगंस.”

गुऱ्हाळाकडं मी कवा जात न्हाई. तिथला वास लय घट्ट असतो, घशात बसतो, मला मळमळतं. त्या दिवशी गेलो. काहिलीत रस उकळत व्हता, गुळव्या मळी काढत व्हता, पोरं चुलवाणात चिपाडं सारत व्हती. मामा लांब, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, चिपाडाच्या ढिगावर बसले व्हते. मला बघून त्यांनी शेजारची जागा साफ केली. तिथं वास कमी व्हता. त्यांनी माझ्यासाठीच ती जागा धरली व्हती का काय, कुणास ठाऊक.

मी म्हणलं, मामा, मी आनंदाचं बोललो. मला वाटलं एक कानाखाली मिळंल. ते म्हणाले, ऐकलं, आंगणातच व्हतो अजून.

मग सांगाय लागले, लष्करातल्यावानी, एकेक गोष्ट क्रमानं. सत्तर साल. ते राजस्थानात व्हते. आनंदाच्या उष्टावणाला म्हणून सुट्टी मागितली, मिळाली. पोरगं गुबगुबीत व्हतं, त्यांच्या टोपीचा बिल्ला धरून सोडंना. उष्टावण झालं, काकवी लावली, खीर भरवली, चार दिसांनी ते पलटणीत गेले. पत्रं येत ऱ्हायली. आनंदाला वांती होती. आनंदाला बरं न्हाई. आनंदाचं पोट फुगलंय. मग तार आली. ते पोचले तवा सगळं आटपून पंधरा दिस झालं व्हतं.

“पोरगं वकतंय, गळाटलंय, म्हणून मनूला सगळ्यांनी सांगितलं साखरंचं पानी पाज,” मामा म्हणाले. “तिनं पाजलं. चमच्याचमच्यानं. जितकं पाजंल तितकं पोरगं जास्तच ढिलं पडायचं. मग ती आनखी पाजायची.”

माझा हात खिशातल्या चिठ्ठीवर गेला.

“मिरजंला तुझं निदान झालं त्या दिशी डॉक्टर तुझ्या आईला सांगत व्हता, ह्याला साखरंचं पानी देऊ नका, तेच ह्याला मारतंय. मनू दारात उभी व्हती. तुझ्यासाठी तिच्या हातात पेला व्हता, साखरंच्या पान्याचा. ती तशीच पेला घेऊन मोरीकडं गेली. त्या दिसापासनं तिला म्हाईत हाय, जया. तू आज नवं काय सांगितलं न्हाईस.”

“मग आज हट्ट कशाला?”

मामांनी चिपाडाचा एक तुकडा उचलून त्याचं पापुद्रं काढलं. “पियूनं खाल्लं आन् काय झालं न्हाई तर? मग हे आमच्या रगतात न्हाई असं म्हनता यील. मग आनंदाचं दुखनं काय येगळंच व्हतं असं म्हनता यील. तिला तेवढंच पायजे हाय. गेली बारा वर्सं तिला तेवढंच पायजे हाय.”

आमी परत आलो तवा घरातली हवा बदलली व्हती. काय झालं ते आक्कानं मला मागनं सांगितलं. आत्ती गोठ्यातनं परत आली, हात धुतलं, आन् आक्काला म्हणाली, काकवी ऱ्हाऊ दे. तुझा त्यो डबा आन. म्हंजे ग्लुकोजचा डबा. ग्लुकोज मला चालतं, ती साखर येगळी असती, काळजाला तरास देत न्हाई. डॉक्टरांनी सांगितलं व्हतं की खीर करायचीच असली तर तिच्यात ग्लुकोज घाला. आक्कानं साताऱ्याहून नवा डबा आणला व्हता, पर सकाळी आत्तीनं त्याला हात लावला नव्हता. म्हणाली व्हती, माझ्या नातीचा पयला घास आजाऱ्याचा? आता तीच मागती म्हणल्यावर आक्काला एवढं बरं वाटलं की ती आत्तीच्या गळ्यात पडली. आत्तीची एकच अट. खीर मी करनार, चुलीपाशी कुनी यायचं न्हाई.

आई एकदम मोकळी झाली, माझ्याशी हसून बोलायला लागली. दाजी म्हणाले मी तेच म्हणत व्हतो. त्यांनी काय म्हणलं व्हतं ते कुणी इचारलं न्हाई.

दुपारी शेजारच्या चारपाच बाया आल्या. सोप्यात पाट मांडला, भवतीनं रांगोळी काढली. आईनं पियूला काजळ घातलं, कपाळाला तीट लावली. मामांच्या बोटातली सोन्याची अंगठी काढून धुतली. अंगठी खिरीत बुडवायची आन् त्या अंगठीनं पहिला थेंब चाटवायचा, मग चांदीच्या वाटीतनं घास. मला आंघूळ करून नवा शर्ट घालाय लावला. बाया माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावत व्हत्या. एक म्हणाली, मामालाच कुणीतरी मांडीवर घ्या.

मी पाणी प्यायला आत गेलो. आत्ती खीर वाटीत काढत व्हती, पाठ माझ्याकडं. खीर पांढरीशिप्पत, वर तूप. फळीवर ग्लुकोजचा डबा व्हता. त्याचं झाकण नीट बसलं नव्हतं. आमच्या घरात हे डबं रोजचं हायेत, मला ठाऊक हाय झाकणाखाली चंदेरी कागद असतो, त्यो फाडल्याशिवाय आतलं निघत न्हाई. मी झाकण वर केलं. कागद तसाच, ताठ. एक सुरकुती न्हाई. खाली चुलीशेजारी साखरंचा डबा, त्यात चमचा उभा.

झाकण मी परत ठेवलं. आवाज झाला न्हाई.

सकाळी असतो तर सोप्यात जाऊन सगळ्या बायांफुडं वरडलो असतो. आतनं तसं वर येत बी व्हतं. पर डोळ्यांफुडं मोरीकडं पेला घेऊन जाणारी आत्ती येत व्हती. मी जाऊन पाटावर बसलो. आईनं पियूला माझ्या मांडीवर ठेवलं. तिनं लगीच माझ्या शर्टाचं बटण धरलं.

आत्ती वाटी घेऊन आली. माझ्या फुडं ठेवली. तिनं अंगठी माझ्याकडं केली.

“आदी मी खातो,” मी म्हणलं.

बाया हसल्या. मामाच उपाशी हाय म्हणाल्या. आई म्हणाली, अरं खा की मागनं, तुला बी चालती, ग्लुकोजची हाय. सगळी हसत व्हती. मी चमचा घेतला आन् खिरीनं भरला. गच्च भरला. एका चमच्यानं काय होतंय ते मला ठाऊक हाय. जिलेबी अर्धीच गेलती पोटात. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ते खाण्याचं नव्हं, वकायच्या आदी सुटतं ते. मी आत्तीकडं बघत चमचा वर नेला. व्हटाला तूप लागलं.

तिनं माझं मनगट धरलं. असं धरलं की चमचा उलटा झाला, खीर माझ्या विजारीवर, पियूच्या पायावर.

“तू नगं,” ती म्हणाली.

“का? ग्लुकोज हाय न्हवं?”

“तू नगं खाऊस, जया.”

मी हळू म्हणलं, फक्त तिलाच ऐकू जाईल असं, “मग ती खाईल?”

आत्तीनं मनगट सोडलं न्हाई. तशीच खाली बसली, रांगोळीवर. पियूच्या पायावरची खीर तिनं पदरानं पुसली, बोटाबोटातनं पुसली, एक शीत ऱ्हाऊ दिलं न्हाई. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “त्यात साखर हाय. मी घातलीया.”

आक्का उठली आन् पियूला माझ्या मांडीवरनं उचललं. तिनं पोरीला असं छातीशी धरलं की पोरगी रडाय लागली. आईनं तोंडावर हात ठेवला. एका बाईनं दुसरीला कोपर मारलं. मला वाटलं आता आक्का तोंड सोडंल, आन् सोडलं असतं तर तिचं काय चुकलं नसतं.

बोलले ते दाजी. त्या दिवसात पहिल्यांदा ते मधी पडले. “आई,” ते म्हणाले, “डॉक्टरनं सांगितलंय ते हितनं फुडं मोडायचं न्हाई. मी सांगतोय.” आन् एवढं म्हणून त्यांचाच आवाज फुटला. त्यांनी आनंदाला बघितलं नव्हतं. पर जन्मापासनं आईचं तोंड बघितलं व्हतं.

आत्तीनं मान हलवली. “बोटभर देनार व्हते,” ती म्हणाली. “बोटभरच. हिला काय हुनार न्हाई असं वाटलं. मग ह्यो चमचा भरून घ्याय लागला.”

आक्का तशीच उभी व्हती. पियू रडायची थांबली. मग आक्कानं जे केलं ते मला कवाच सुचलं नसतं. ती वाकली आन् पियूला आत्तीच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, “धरा. तुमीच धरा. भरवू द्या त्याला.”

“माझ्यापाशी नगं गं.”

“धरा म्हणती न्हवं.”

आत्तीनं दोन्ही हातांनी धरलं. मामा आत गेले आन् माझ्यासाठी शिजवल्याला मऊ भात घेऊन आले. ह्या घरात मी यायचा असलो की माझं पातेलं आदी चढतं, बिनसाखरंचं, बिनकांद्याचं, बारा वर्सं. त्यात तूप घातलं, चिमूटभर मीठ, दूध घालून बोटानं कुस्करलं. मामांनी बाकी आयुष्यात कवा भात कुस्करला नसंल. मी अंगठी बुडवली आन् पियूच्या जिभंला लावली. तिनं तोंड असं वाकडं केलं की सगळ्या बाया एकदम हसल्या. मग तिनं अंगठीच धरली, बिनदाताच्या हिरड्यात, आन् सोडंना. दुसरा घास घेतला. तिसरा थोडा सांडला. चौथ्याला तिनं स्वतःच तोंड उघडलं.

साखरंची खीर बायांनी खाल्ली. जाताना म्हणाल्या लय झक्कास झालीया.

सांजच्याला मी निघायची तयारी केली. शेडवर माल उतरायचा व्हता, आप्पांचा निरोप आलता. आई चार दिस ऱ्हाणार व्हती. आक्का पियूला पाजत आत बसली व्हती, आन् दाजी तिच्या शेजारी. आतनं त्यांचं बोलणं ऐकू येत व्हतं, पुण्याला कवा न्यायचं, कुठं उतरायचं. आत्ती म्हणाली व्हती की तपासणीला ती स्वतः येणार. तिथं काय सांगत्यात ते तिला तोंडावर ऐकायचंय. कुणी न्हाई म्हणलं न्हाई.

मामांनी भायेर फटफटी पुसायला घेतली, मला फाट्यावर सोडायला. आत्तीनं माझ्यासाठी भाकरी बांधली, लसणाची चटणी येगळ्या कागदात. मी उंबऱ्यात पायताण घालत व्हतो. मला तिला काय तरी म्हणायचं व्हतं, सकाळचं चुकलं असं काय तरी, पर त्याच्या आदी तीच बोलली.

“तू ल्हान असताना गोड घातलं की थुकायचास,” ती म्हणाली. “माझ्या लुगड्यावर किती येळा थुकलास. मी चापटी मारलीया तुला, म्हनलं कसलं तापट पोर हाय. मिरजंला डॉक्टर म्हनला, थुकत व्हता म्हनून पाच वर्सं टिकला. ह्येनं सोताच सोताला वाचवलं म्हनला.”

मी पायताणाचा पट्टा वढत बसलो. बसला व्हता तरी वढत बसलो.

“आनंदा लय गरीब व्हता,” ती म्हणाली. “देईल ते गिळायचा. मी चमचा फुडं केला की आ करायचा. वकायचा, आन् परत आ करायचा. मी देती म्हंजे चांगलंच आसंल असं वाटत आसंल त्येला.”

भायेर मामांनी किक मारली. एकदा, दोनदा. चालू झाली.

आत्तीनं भाकरीचं गठुडं माझ्या हातात दिलं, पर सोडलं न्हाई. “जया,” ती म्हणाली, “त्यो तुझ्यावानी तापट आसता, तर थुकला आसता का रं?”

मी तिच्या हातातनं गठुडं घेतलं. तिचा हात तसाच फुडं ऱ्हायला, त्यो मी धरला. बराच येळ धरला. मामांनी हॉर्न दिला. मी म्हणलं, आत्ती, मला निघायला पायजे आता.